बाटली उजळा, ऐब झाकू नका

जुन्या काचेच्या बाटल्यांना आता गिऱ्हाईक मिळू लागले आहे. एके काळी भंगारात जाणारी गोटी सोड्याची बाटली, निळी औषधाची बाटली, अत्तराची कुपी लोक हौसेने कपाटात मांडतात. मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर अशा वस्तूंचा व्यवहार चालतो. दारोदार भंगार गोळा करणाऱ्यापासून दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्यापर्यंत आपली पुष्कळ माणसे या धंद्यात आहेत. म्हणून बाटली कशी साफ करावी, हा मला नुसत्या छंदाचा प्रश्न वाटत नाही.

साधी सफाई कोणीही करावी. कोमट पाणी, साबण, मऊ ब्रश. आत हात पोचत नसेल तर मूठभर तांदूळ आणि पाणी घालून हलवावे. पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर व्हिनेगरमध्ये भिजवला की सुटतो. एकदम उकळते पाणी ओतू नये, काच तडकते. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र करू नये, विषारी वायू तयार होतो. कागदी लेबल असेल तर बाटली भिजवूच नये. लेबल गेले तर बाटलीची निम्मी ओळख गेली.

खरी गोष्ट पुढे आहे. काही बाटल्यांवरचा धुरकटपणा कशानेच निघत नाही. वर्षानुवर्षे ओल्या मातीत राहिलेल्या काचेतला सोडियम पाण्याबरोबर झिरपून जातो आणि काचेचा पृष्ठभागच खराब होतो. अशी बाटली ओली केली की स्वच्छ दिसते, वाळली की पुन्हा धुरकट होते. हे ठाऊक असलेला विक्रेता आतून तेलाचा हात फिरवतो. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जाते आणि काही दिवसांनी फसते.

दुसरा उपाय यंत्राचा. नळकांड्यात बाटली बसवून तांब्याचे बारीक तुकडे आणि पॉलिशची पूड घालून ती कित्येक दिवस फिरवतात. बाटली झळझळीत होते, पण काचेचा पातळ थर निघून जातो आणि उठावाच्या अक्षरांच्या कडा बोथट होतात. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७२ साली पेटंट घेतलेल्या गोटीच्या बाटलीवर तर ही अक्षरेच इतिहास सांगतात: सोडा कोणाचा, गाव कोणते. याशिवाय टवका उडालेल्या तोंडाला राळ भरणे आहे, आणि मँगेनीज असलेल्या काचेवर किरणांचा मारा करून तिला गडद जांभळी करणेही आहे. उन्हात वर्षानुवर्षे राहून येणारा रंग असा झटपट आणून जास्त भाव घेतला जातो.

दुरुस्तीला माझा विरोध नाही. विरोध आहे तो न सांगण्याला. ‘ऐब’ हा शब्द अरबीतून फारसी-उर्दूमार्गे मराठीत आला आणि आपण तो माणसाच्या खोडीसाठी वापरतो. फिकहमध्ये मात्र तो बाजारातला शब्द आहे. मालात लपलेला ऐब निघाला तर सौदा मोडण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. त्याला ‘खियार-ए-ऐब’ म्हणतात. हदीसमध्ये पैगंबर (स.) बाजारातल्या धान्याच्या राशीत हात घालतात, तेव्हा आतले धान्य ओले लागते. पावसाने भिजले, असे विक्रेता सांगतो. मग ते वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असा त्यांचा सवाल आहे. पावसात धान्य भिजले याचा दोष त्या माणसाला दिलेला नाही. ओले खाली दडवण्याचा दिला आहे. तेल लावलेली बाटली म्हणजे तीच रास.

व्यापारी म्हणतील, सांगितले तर भाव पडतो, आणि गिऱ्हाईक तरी कुठे विचारते? भाव पडतो हे खरे. पण एकदा फसलेला गिऱ्हाईक एका दुकानाला नावे ठेवत नाही, तो सगळ्या गल्लीला ठेवतो. आणि आपल्या बाबतीत पुष्कळदा सगळ्या जमातीला. ते अन्यायाचे आहे, तरीही त्याची किंमत गल्लीतल्या प्रामाणिक दुकानदाराला मोजावी लागते.

उपाय फार मोठा नाही. पावतीवर एक ओळ लिहावी: यंत्रात घासली आहे, तोंडाला राळ भरली आहे, रंग मुद्दाम आणलेला आहे. आणि घेणाऱ्यानेही बाटली कोरडी करून, उजेडात धरून, हे तीन प्रश्न विचारूनच पैसे द्यावेत.