हिरवळीचा हिवाळा

आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांनी गोल्फची काठी हाती धरली असेल, आणि आम्हीही त्या थोड्यांत मोडत नाही. तथापि त्या खेळाचे मैदान चित्रांतून सर्वांनीच पाहिले आहे. ती हिरवळ निसर्गाने आपण होऊन अंथरली असावी, असे वाटते. वस्तुतः उन्हाळ्यात डोळ्यांत भरणारी ती हिरवळ हिवाळ्यात, आणि पुष्कळशी जमिनीच्या पोटात, तयार होत असते.

ब्रिटनमध्ये पाऊस बारमाही. हिवाळ्यात ऊन दुबळे, त्यामुळे पडलेले पाणी लवकर सुकत नाही आणि चिकणमातीत ते मुरतही नाही. गवताच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतील पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळे गुदमरतात, उथळ राहतात, आणि वरून टवटवीत दिसणारे गवत पुढील उन्हाळ्यात होरपळून जाते. म्हणून कामगार चर खणतात, तळाशी भोके असलेले नळ उताराने बसवितात, भोवती खडी भरतात व वर वाळू घालतात. मुख्य नळाला दोन्ही बाजूंनी उपनळ येऊन मिळतात, तेव्हा ती रचना माशाच्या काट्यासारखी दिसते. एवढे करूनही, जेथे पाणी ओढ्यात पडते ते नळाचे तोंड गाळाने बुजले, तर सारे श्रम व्यर्थ होत.

समुद्रकाठच्या मैदानांची गोष्ट निराळी. स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानाची जमीन वाळूची. तेथे पाणी आपोआप जिरते, पण वारा व वर्दळ हिरवळीला झिजवितात. तेथे शंभराहून अधिक वाळूचे खड्डे आहेत. त्यांच्या उभ्या भिंती मातीसकट कापलेल्या गवताच्या पट्ट्या विटांप्रमाणे एकीवर एक रचून बांधतात. त्या काही वर्षांत ढासळतात, म्हणून हिवाळा आला की त्यांतील कित्येक नव्याने उभाराव्या लागतात. काठीच्या फटक्याने उखडलेल्या जागी वाळू व बी भरतात. नोव्हेंबर ते मार्च या काळात तर मधल्या हिरवळीवरून चेंडू मारताना खाली छोटी चटई ठेवण्याचा दंडक आहे.

सर्वांत कठीण काम मात्र खेळ थांबविण्याचे. कडाक्याच्या थंडीत गवताच्या पेशींतील पाणी गोठते. त्यावर पाऊल पडले की पेशी फुटतात आणि पुढे तेथे काळे ठसे उमटतात. थंडीत वाढ जवळजवळ थांबलेली असल्याने ते भरून येण्यास वसंत ऋतू उजाडावा लागतो. यास्तव हिम वितळेपर्यंत मैदान बंद ठेवतात. दुरून आलेल्या खेळाडूला राग येतो. एका फेरीने काय बिघडणार, असे तो विचारतो. त्याची एक सकाळ बुडते, हे खरेच. पण त्याच्यासारख्या प्रत्येकाला ती सकाळ दिली, तर वसंतातले कित्येक आठवडे सर्वांचेच बुडतात. हे शांतपणे सांगून राग सोसणारा माळी आम्हांस मोठा वाटतो. त्याचे काम नीट झाले असेल तर ते कोणाच्या दृष्टीसही पडत नाही. बिघडले, तरच त्याची आठवण होते.

सेंट अँड्र्यूजचे विख्यात मैदानपाल टॉम मॉरिस (१८२१–१९०८) यांनी या गोष्टी ओळखल्या होत्या. हिरवळीला वाळूचे खाद्य द्यावे आणि रविवारी तिला विसावा द्यावा, असा त्यांचा आग्रह असे. काही मोठ्या स्पर्धांचे अपवाद सोडता ते मैदान आजही रविवारी खेळास बंद असते. त्या दिवशी गावची माणसे मुलांना व कुत्र्यांना घेऊन त्याच हिरवळीवर निवांत फिरतात. सोमवारी माळी पुन्हा फावडे उचलतो.