बंगल्याचा चातुर्मास

माथेरानच्या घराला आमच्या कुटुंबात ‘बंगला’ म्हणतात. वस्तुतः ती चार खोल्यांची जुनी कौलारू वास्तू असून तिच्यावर आम्हा तिघा भावांची नावे आहेत. थंड देशांतील लोक अशी घरे हिवाळ्यापूर्वी बंद करतात. आपल्याकडे ती वेळ जूनच्या पहिल्या आठवड्यात येते. मुंबईच्या सुमारे दुप्पट पाऊस त्या डोंगरावर कोसळतो. १९०७ सालापासून नेरळहून वर चढणारी छोटी गाडीदेखील जूनच्या मध्यापासून चार महिने घाटात धावत नाही. म्हणून त्याआधी माटुंग्याहून निघून नेरळ गाठायचे, दस्तुरी नाक्यावर मोटार सोडायची आणि तांबड्या मातीतून पायी घरी पोहोचायचे, हा माझा दरवर्षीचा क्रम आहे.

कामे ठरलेली असतात. कौले चाळून घ्यायची, गाद्या गुंडाळून पलंगावर चढवायच्या, डब्यांतले धान्य संपवायचे, व्हरांड्याला ताडपत्री बांधायची. ती करताना डोळे मात्र बाहेर असतात. परसातल्या जांभळाला या दिवसांत फळ धरलेले असते आणि शेकरू तेथे हटकून येते. आपल्या राज्याचा हा मानाचा प्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो. फांदीवरून फांदीवर जाताना वीस फुटांचे अंतर सहज ओलांडतो. एकाच शेकरूची काड्या-पानांची अनेक घरटी असतात. आमच्यासारखीच, एक राहण्याचे आणि बाकीची हवापालटाची, असे अण्णा म्हणतात.

माकडांविषयी मात्र मला स्पष्ट लिहिले पाहिजे. सुट्टीत आलेली आपली मंडळी जीवदया म्हणून त्यांना गाठी-शेव घालतात. आमच्या घरातही हे वर्षानुवर्षे चालले. मे महिनाभर हातातून खाऊ घालायचे आणि जूनमध्ये कुलूप लावून निघून जायचे. मग ती कौले उचकटून आत शिरली तर त्यांना चोर म्हणायचे. ही दया नव्हे, आपल्या मुलांची करमणूक आहे. जी गोष्ट उंदरांसाठी मिळणाऱ्या चिकट पुठ्ठ्यांची. त्यावर जीव दिवसचे दिवस तडफडतो. ‘आपण मारले नाही’ असे मनाशी म्हणून तो पुठ्ठा मांडून जाणारी घरे मी पाहिली आहेत, आणि ती आपलीच आहेत.

यंदाचा प्रश्न निराळा होता. गेल्या पावसात मागच्या पडवीतून पाणी शिरून वडिलांच्या वह्यांचे सागवानी कपाट खालून कुजले. तेव्हा पडवी पत्र्याने कायमची बंद करायची, असे ठरले. पुतण्याने पत्रे वर पोहोचवून दोन कारागीरही ठरवले. घोड्यावरून सामान न्यावे लागत असल्याने तेथे प्रत्येक खिळा महाग पडतो. कामाच्या आदल्या पहाटे, अजून उजाडले नसताना, मला शीळ ऐकू आली. एखादा मुलगा शाळेच्या वाटेवर रेंगाळत, सूर अर्धवट सोडत चालावा तशी. तो शीळकरी कस्तूर होता. उजेड पडल्यावर पाहतो, तो पडवीच्या तुळईवर शेवाळ, मुळ्या आणि चिखल यांची वाटी जवळजवळ पुरी झालेली. काळ्या-निळ्या अंगाचे ते पाखरू चोचीत ओली मुळी घेऊन येई, मला पाहून कठड्यावर थांबे, मी खुर्ची मागे सरकवली की आत जाई. असे मी दोन तास पाहिले. हा पक्षी शाकाहारी नाही, हेही सांगतो. खेकडे, बेडूक, गांडुळे हा त्याचा आहार.

पुतण्या म्हणाला, “काका, अजून अंडी नाहीत. आज काढले तर ते दुसरीकडे बांधील. चार दिवसांनी काढता येणार नाही.”

त्याचे म्हणणे चूक नव्हते, म्हणूनच अवघड होते. अंडी घातल्यावर सोळा-सतरा दिवस उबवण, मग पिलांचे भरणपोषण. म्हणजे पावसाचा ऐन भर उघड्या पडवीने काढायचा. शिवाय या पक्ष्याला जागा मानवली की पुढच्या वर्षीही तो तेथेच येऊ शकतो. पाऊस पडू लागला की पायाखाली जीव येतात, म्हणून आपले मुनी विहार थांबवून चार महिने एका जागी राहतात. ते चालणे सोडतात. आमच्याकडून एक पत्रा सुटेना.

मी अण्णांना फोन लावला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढेच विचारले, “कपाट दिवाणखान्याच्या दारातून जाईल का?”

दार चार बोटे अरुंद निघाले. कपाटाची दारे उतरवली, वह्या चादरींत बांधल्या आणि कारागिरांनी पत्र्यांऐवजी दिवसभर तेच काम केले. पडवीलगतच्या आतल्या दाराला जाड ताडपत्री ठोकली, ती घरट्यापासून दूरच्या बाजूने. तुळई भिजणार, हे सर्वांना ठाऊक आहे. पुतण्या परतीच्या वाटेवर फारसा बोलला नाही. नेरळला लोकलची वाट पाहताना मी हिशेब मांडला: पत्रे, घोडे, दोन माणसांची मजुरी. तिघांत वाटणी करू लागलो तेव्हा तो म्हणाला, “मजुरी माझ्याकडे लिहा.”

राखणदार आठवड्यातून एकदा पुढच्या बाजूने फेरी मारतील. पडवीकडे जाऊ नका, असे त्यांना सांगितले आहे. पत्रे दिवाणखान्यात कपाटाला टेकवून ठेवले आहेत.