विकलेली वस्तू, न सुटलेला ताबा

सदाशिव पेठेतील वाडे एकामागून एक पडले, त्यांच्या जागी सदनिका आल्या, आणि पूर्वी माजघरातील फडताळात किंवा माळ्यावरच्या ट्रंकेत असणाऱ्या कुटुंबाच्या दफ्तरानेही आपली जागा बदलली. आता दिवाणखान्यात, इंटरनेटच्या राउटरशेजारी, एक काळी पेटी बारीक दिवे मिचकावीत बसलेली असते. तिच्यात दोन किंवा चार हार्ड डिस्क असतात आणि घरातील प्रत्येक संगणक व मोबाइल तिच्याशी जोडलेला असतो. आजोबांच्या कीर्तनाच्या वह्यांची छायाचित्रे, मिळकतीचे कागद, मुलीच्या लग्नाची चित्रफीत, अमेरिकेत जन्मलेल्या नातवाची पहिली पावले, हे सारे तिच्या पोटात असते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरात ज्या घरांची कागदपत्रे चिखलात गेली, त्या घरांतील पुढच्या पिढ्यांना अशा पेटीचे मोल निराळे सांगावे लागत नाही. एक डिस्क बिघडली तरी दुसरीवर नक्कल असते, ही तिची खरी मोहिनी.

परंतु ही पेटी म्हणजे लोखंडी कपाट नव्हे. ती स्वतःच एक छोटा संगणक असून तिला चालविणारी आज्ञावली, म्हणजेच फर्मवेअर, तिच्यात आधीपासून भरलेली असते. ही आज्ञावली कंपनी दुरून, इंटरनेटवाटे, बदलू शकते. या बदलास आपण सारे ‘अपडेट’ म्हणतो. ग्राहकांच्या वाढत्या संतापाचे मूळ या शब्दात आहे, आणि हा संताप केवळ तांत्रिक नाही. विकत घेतलेल्या वस्तूवर सत्ता कोणाची, हा अर्थशास्त्रातील जुना प्रश्न त्यातून नव्याने उभा राहिला आहे.

प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा अनुभव किरकोळ आहे, पण तो नमुन्यादाखल सांगण्याजोगा वाटतो. घरातील पेटीने एका रात्री आपण होऊन अपडेट घेतले. सकाळी घरातील जुना संगणक तिला ओळखेना, आणि चित्रफिती पाहण्याची सोय पेटीतून अदृश्य झालेली. पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधिका त्याच पेटीत होत्या. त्या गेल्या नाहीत, परंतु त्या हाती लागण्यास तीन आठवडे लागले, आणि दरम्यान दोघा विद्यार्थ्यांची मुदत टळली. दुकानदार म्हणाला, यंत्र तर चालू आहे, शिवाय गॅरंटीही संपली. कंपनीच्या मदतकेंद्राने नम्र भाषेत कळविले की बदल ‘आपल्याच सुरक्षिततेसाठी’ केला असून पूर्वीच्या आवृत्तीकडे परत जाता येणार नाही. जी वस्तू मी पैसे मोजून घेतली, तिची कालची अवस्था मला आज मागता येत नाही, हे त्या पत्राचे सार होते.

मग अपडेट नकोच, असे म्हणावे काय? तसे म्हणणाऱ्यांनी २०२१ च्या जून महिन्यात काय घडले ते पाहावे. वेस्टर्न डिजिटल या अमेरिकन कंपनीच्या ‘माय बुक लाइव्ह’ या पेट्या जगभर अनेक घरांत होत्या. त्यांचे शेवटचे फर्मवेअर २०१५ साली निघाले होते. पुढे कंपनीने त्यांच्याकडे पाठ फिरविली. २०१८ मध्ये त्यांच्यातील एक गंभीर दोष प्रसिद्ध झाला, तरी दुरुस्ती निघाली नाही. २०२१ च्या जूनअखेरीस एके दिवशी असंख्य मालकांनी पेटी उघडली, तो आत काहीच नव्हते. कोणीतरी दुरून आज्ञा देऊन पेट्या कारखान्यातून निघाल्या तशा कोऱ्या केल्या होत्या. पुढे जे उघड झाले ते विलक्षण आहे. पेटी कोरी करण्यापूर्वी मालकाचा परवलीचा शब्द विचारण्याची व्यवस्था मूळ आज्ञावलीत होती. २०११ मधील एका फेरबदलात ती निष्क्रिय झाली आणि दहा वर्षे कोणाच्या लक्षात आली नाही. म्हणजे एका अपडेटने दार उघडे टाकले, आणि पुढील अपडेटच्या अभावी ते उघडेच राहिले. कंपनीने नंतर माहिती परत मिळवून देण्याची सेवा देऊ केली आणि जुन्या पेटीच्या बदल्यात नवीन पेटी सवलतीत देण्याची योजना जाहीर केली. वर्षानुवर्षांची छायाचित्रे गमावलेल्या ग्राहकास त्याच कंपनीचे नवे यंत्र सवलतीत मिळावे, यातील विनोद कंपनीला जाणवला की नाही कोण जाणे.

याच्या नेमकी उलट तक्रार सहा-सात महिन्यांनी झाली. जानेवारी २०२२ मध्ये तैवानच्या क्यूनॅप कंपनीच्या हजारो पेट्यांवर ‘डेडबोल्ट’ नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने हल्ला केला. माहितीला कुलूप घालावयाचे आणि किल्लीसाठी बिटकॉइनमध्ये पैसे मागावयाचे, हा तिचा धंदा. कंपनीने घाईने नवे फर्मवेअर पेट्यांत उतरविले. स्वयंचलित अपडेट आपण बंद ठेवले होते तरी ते आलेच, असे अनेक मालकांचे म्हणणे. काहींच्या जोडण्या त्यामुळे तुटल्या. ज्यांनी खंडणी भरून माहिती सोडविण्यास आरंभ केला होता, त्यांच्यापैकी काहींच्या पेटीतून कुलूप उघडणारी आज्ञावलीच अपडेटने पुसून टाकली. कंपनीचा हेतू शुद्ध होता असे मानले, तरी मालकाने ‘नको’ म्हटल्यावर त्या ‘नको’चा अर्थ काय उरतो, हा प्रश्न राहतोच.

तिसरे उदाहरण सुरक्षिततेचे नव्हे, सरळ बाजाराचे आहे. सिनॉलॉजी कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले की त्या वर्षीच्या तिच्या विशिष्ट श्रेणीतील नव्या पेट्यांमध्ये कंपनीच्या स्वतःच्या अथवा तिने प्रमाणित केलेल्या डिस्कच पूर्णपणे चालतील. बाजारात मिळणारी दुसरी डिस्क यांत्रिकदृष्ट्या तीच कामे करू शकत होती; अडसर होता तो आज्ञावलीत. ग्राहकांनी एवढा गहजब केला की ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या आवृत्तीने तो अडसर बहुतांशी दूर करावा लागला. यंत्रात एकही स्क्रू न बदलता निर्बंध उठला, यावरूनच तो कशासाठी होता ते समजते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास या ठिकाणी ग्रॉसमन व हार्ट यांच्या १९८६ च्या विवेचनाची आठवण व्हावी. कोणताही करार सर्व संभाव्य प्रसंगांची तरतूद करू शकत नाही. करारात न लिहिलेल्या प्रसंगी वस्तूचे काय करावयाचे हे ठरविण्याचा जो उरलेला अधिकार, तोच मालकीचा गाभा. पुढे ऑलिव्हर हार्ट यांना २०१६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते करारांच्या याच विचारासाठी. या कसोटीस आपली पेटी लावली तर काय दिसते? पत्रा, तारा आणि वीजबिल ग्राहकाचे. उरलेला अधिकार मात्र कंपनीचा. विक्रीपत्रात शब्द ‘विक्री’ असला तरी व्यवहाराचे स्वरूप भाडेकराराचे झाले, आणि भाडे मात्र सारे एकरकमी, आगाऊ घेतले गेले. पुण्यातील भाडेकरूला निदान भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण असे!

बाजारच कंपनीला वठणीवर आणील, ही आशाही फारशी खरी नाही. हर्शमन यांनी १९७० मध्ये दाखविले की असंतुष्ट ग्राहकापुढे दोन मार्ग असतात: सोडून जाणे किंवा आवाज उठविणे. भाजीवाल्याकडून आपण दुसऱ्या दिवशी उठून जातो. येथे मात्र डिस्कवरील माहितीची मांडणी त्या त्या कंपनीच्या पद्धतीने असल्याने दुसऱ्या कंपनीच्या पेटीत जावयाचे तर बहुधा सारे बाहेर काढून, नव्या डिस्क घेऊन, पुन्हा भरावे लागते. इतका खर्च आणि उस्तवार करण्यापेक्षा माणूस निमूटपणे सोसतो. जाण्याची वाट अरुंद असली की आवाजालाही धार राहत नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. दहा वर्षांपूर्वी एकदा विकलेल्या यंत्रासाठी अभियंत्यांची पलटण कायम पोसणे परवडणारे नाही, आणि तशी अपेक्षा करणे रास्तही नाही. पण मग किती वर्षे पोसणार, हे विकतानाच सांगण्यास हरकत काय? बिस्किटाच्या पुड्यावर तो कधीपर्यंत खावा हे छापलेले असते. मासिक पगारातून हप्ता फेडून घेतलेल्या पेटीवर तिची आज्ञावली कधीपर्यंत सांभाळली जाईल याचा उल्लेख नसतो. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती यंत्रांच्या बाबतीत सुरक्षा-अपडेट किमान किती काळ मिळतील ते जाहीर करणे कायद्याने बंधनकारक झाले. युरोपीय संघाचा यासंबंधीचा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला असून त्यातील मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासूनची आहेत. त्यानुसार यंत्राचा अपेक्षित वापर त्याहून कमी काळाचा नसेल तर किमान पाच वर्षे सांभाळ करावा लागेल. शिवाय शक्य असेल तेथे सुरक्षेची दुरुस्ती आणि सोयींतील फेरबदल हे वेगवेगळे द्यावेत, असेही त्यात म्हटले आहे. माझ्या मते हे दुसरे कलम अधिक मोलाचे आहे. आज औषधाच्या पुडीत कंपनी आपल्याला हवे ते मिसळते आणि रोग्याने सारे एकदम गिळावे असा आग्रह धरते.

आपल्याकडील ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. ग्राहकास आता आपल्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, ही मोठी सोय. त्यात उत्पादनाच्या दोषाबद्दलच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि ‘अन्याय्य करार’ ही नवी संकल्पनाही आहे. तरी आपल्या प्रकरणी अडचणी दोन. उत्पादन-दायित्वाच्या प्रकरणातील ‘हानी’च्या व्याख्येतून त्या वस्तूचीच झालेली हानी आणि निव्वळ आर्थिक नुकसान वगळले आहे, छायाचित्रे किंवा प्रबंधिका यांचे त्या व्याख्येत नेमके स्थान कोणते, याचा स्पष्ट उल्लेख नाही. दुसरे असे की अन्याय्य कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगापुढे नव्हे, तर राज्य किंवा राष्ट्रीय आयोगापुढे न्यावी लागते. तीस-चाळीस हजारांच्या पेटीसाठी कोणता कारकून किंवा शिक्षक तेथवर जाईल? आणि ‘मी सहमत आहे’ हे बटण दाबल्याशिवाय पेटी सुरूच होत नाही, त्या सहमतीला करार म्हणावे की सक्ती, हे तर त्या वरच्या पातळीवरच ठरणार.

म्हणून एकेकट्या तक्रारीपेक्षा संघटित प्रयत्नाचीच येथे गरज आहे, आणि त्याची परंपरा याच गावात आहे. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य उभे केले, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदा यावयास आणखी बारा वर्षे होती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जानेवारी २०२५ मध्ये अपडेटनंतर आयफोन नीट चालत नसल्याच्या तक्रारींवरून अ‍ॅपल कंपनीला नोटीस बजावली होती. म्हणजे अपडेट हा ग्राहक-प्रश्न आहे हे सरकारदरबारी मान्य झालेले आहे. मोबाइलला जो न्याय तो साठवण-पेटीला का नसावा? वेष्टनावर सांभाळाची मुदत छापणे, सुरक्षेची दुरुस्ती स्वतंत्र देणे आणि निदान तीस दिवस पूर्वीच्या आवृत्तीकडे परतण्याची मुभा ठेवणे, एवढी मागणी ग्राहक-संघटनांनी या प्राधिकरणापुढे मांडली, तर तिला नवा कायदा लागेल असे वाटत नाही. वेष्टनाच्या नियमांत दुरुस्ती आणि एक मार्गदर्शिका यांवर बरेचसे भागेल.

तूर्त आमच्या घरातील पेटीचा बाहेरच्या इंटरनेटशी असलेला संबंध आम्ही राउटरमधून तोडला आहे. ती आता घरापुरतीच चालते. विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांची एक प्रत साध्या, कोणाशीही न जोडलेल्या डिस्कवर घेऊन ती कोथरूडला बहिणीच्या कपाटात ठेवली आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती आणून अद्ययावत करण्याचे काम, कोणत्याही कंपनीस न विचारता, आम्ही स्वतः करतो.