विश्लेषण : पंपाची वीज अंदाजाने मोजली, तर डॅशबोर्डवरचा आकडा खरा कसा?

वसमत तालुक्यातल्या हळदीच्या रानात रात्रीच्या पाळीत थ्री फेज येते आणि पंप सुरू होतो. त्याने पहाटेपर्यंत किती युनिट वीज ओढली? अनेक जोडण्यांना मीटरच नाही, कुठे आहे तर ते बंद. म्हणजे उत्तर कोणाकडेच नाही. तरीही महिनाअखेरच्या हिशेबात हिंगोली जिल्ह्याच्या कृषिपंपांचा वापर युनिटमध्ये येतो. तो तिथे कसा येतो, हे समजून घेतल्याशिवाय कोणत्याही मोठ्या कंपनीने 'बिझनेस इंटेलिजन्स' प्रणालीच्या निविदा काढू नयेत, असे आमचे मत आहे.

बिझनेस इंटेलिजन्स म्हणजे काय?

मोठ्या कंपनीची माहिती विखुरलेली असते. बिलिंग एका सॉफ्टवेअरमध्ये, भांडाराचा साठा दुसऱ्यात, ग्राहकांच्या तक्रारी तिसऱ्यात. ही सगळी माहिती एका ठिकाणी आणायची, जुळवायची आणि वरिष्ठांना पडद्यावर आलेखांत दाखवायची, ही या प्रणालीची कामे. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी 1958 मध्ये याच नावाचा लेख लिहिला होता, त्यामुळे कल्पना नवी नाही. आज पॉवर बीआय, टॅब्लो अशी अनेक साधने बाजारात आहेत आणि आलेख काढण्यात त्यांतले कोणतेच कमी नाही. अडचण आलेखाच्या आधी सुरू होते.

महावितरणचेच उदाहरण का?

कारण ते आपल्या घरातले आहे. 2005 मध्ये वीज मंडळाच्या विभाजनातून झालेल्या या सरकारी कंपनीचे जवळपास तीन कोटी ग्राहक आहेत. हिंगोली जिल्हा तिच्या नांदेड परिमंडळात येतो.

हिशेब सोपा करून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. उपकेंद्रांतून 100 युनिट वीज बाहेर पडली. घरे, दुकाने, कारखाने यांच्या मीटरवर 50 युनिट नोंदले गेले. अनेक पंपांना चालू मीटर नाही, म्हणून काही नमुना पंपांवरून दर एचपीमागे वापर काढला, त्याला एकूण एचपीने गुणले आणि 35 युनिट लिहिले. उरलेले 15 युनिट म्हणजे गळती. आता पंपांनी प्रत्यक्षात 25 युनिटच वापरले असतील तर? गळती 15 नव्हे, 25 होते. वीज तेवढीच, तारा त्याच, पडद्यावरचा आलेखही तितकाच देखणा. फक्त चोरीचा आणि जीर्ण वाहिन्यांचा काही भाग शेतकऱ्याच्या नावावर चढलेला असतो.

ही नुसती शंका नाही. पंपांचा वापर फुगवून गळती झाकली जाते, असे महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे वर्षानुवर्षे जाहीरपणे सांगत आले आहेत. तीन एचपीच्या पंपाला पाच एचपीचे बिल, ही तक्रार तर मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात ऐकायला मिळेल. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने कृषी वापर तपासण्यासाठी कार्यगट नेमला आणि 30 मार्च 2020 च्या दरनिश्चिती आदेशात मागील वर्षांचा कृषी वापर कमी धरला. साहजिकच गळतीचा आकडा वर गेला.

मग प्रणाली निवडताना काय पाहावे?

विक्रेता सादरीकरण देतो ते स्वतःच्या, आधीच स्वच्छ केलेल्या माहितीवर. त्याला आपली माहिती द्यावी. एका विभागाची, समजा वसमत-औंढा भागाची, बारा महिन्यांची बिले, फीडरची नोंद आणि उपकेंद्राचे लॉगबुक जसेच्या तसे पुढे ठेवावे आणि एकच प्रश्न विचारावा : कोणत्या फीडरवर वीज जाते आणि हिशेबात येत नाही? एखाद्या ग्राहकाचे नाव चुकीच्या रोहित्राखाली नोंदलेले असते, कुठे एकाच माणसाच्या दोन जोडण्या असतात. हा गोंधळ निस्तरण्याचा खर्च प्रणालीच्या परवान्यांपेक्षा जास्त असू शकतो. निविदेत मात्र त्याला सहसा एक ओळ मिळते.

दुसरे, शब्दांचे अर्थ आधी ठरवावेत. कायमस्वरूपी पुरवठा तोडलेला ग्राहक थकबाकीत धरायचा की नाही? लेखा विभाग एक उत्तर देईल, वसुली विभाग दुसरे. दोघांचे पडदे वेगळी थकबाकी दाखवतील आणि बैठकीचा वेळ 'कोणाचा आकडा बरोबर' यातच जाईल.

आणि एक बारीक पण महत्त्वाची अट : मोजलेला आकडा आणि अंदाजाने लिहिलेला आकडा पडद्यावर एकाच रंगात दिसता कामा नये.

राबवताना गाडी कुठे अडते?

बहुतेकदा माणसांपाशी. उपकेंद्रातला यंत्रचालक तासातासाला नोंद करतो, पण तिचे पुढे काय होते हे त्याला कोणी सांगत नाही. शाखा अभियंत्याला पडदा दिसतो तो फक्त लाल रंग आला की, तोही कारणे दाखवा नोटिशीसोबत. लाल रंगाची शिक्षा होणार असेल, तर काही महिन्यांत सगळे हिरवे होते. त्यासाठी गळती कमी करावी लागत नाही, अंदाज वाढवला की पुरते.

2017 च्या कर्जमाफीत राज्याने हे पाहिले आहे. 89 लाख शेतकरी, 34 हजार कोटी अशी घोषणा होती, पण बँकांच्या याद्या, आधार क्रमांक आणि ऑनलाइन अर्ज जुळेनात आणि पैसे अडकले. संगणकाने चूक पकडली हे खरे, पण घोषणेनंतर.

आता हे इतके तातडीचे का?

जुलै 2024 मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या सुमारे 44 लाख शेतकऱ्यांचे बिल सरकार भरते. त्यासाठी वर्षाला सुमारे 14 हजार 760 कोटींचा बोजा जाहीर झाला होता. अडचणीतल्या शेतकऱ्याला यातून दिलासा मिळाला, त्याबद्दल वाद नाही. पण आकड्यांच्या बाजूने एक गोष्ट घडली आहे. आजवर एचपी जास्त लावला, बिल फुगले, तर शेतकरी कार्यालयात जाऊन भांडत असे. या साखळीतला तो एकमेव फुकटचा तपासनीस होता. आता त्याच्या हातात शून्य रकमेचे बिल येते. त्यावर एचपी तीनऐवजी पाच छापला असला, तरी त्याने वसमतला खेटा का मारावा? त्या जादा दोन एचपीचे पैसे सरकारी तिजोरीतून जातात आणि हिशेब कागदावर चोख राहतो.

म्हणून पुढच्या प्रणालीची पहिली अट फीडरच्या मीटरची असावी. शेतीसाठी वेगळ्या केलेल्या फीडरवर उपकेंद्रात मीटर असते. त्याचे दरमहाचे वाचन, त्या फीडरवरच्या पंपांचा एकूण एचपी आणि सरकारकडे मागितलेले अनुदान हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवून गावनिहाय जाहीर करावेत. ही योजना मार्च 2029 पर्यंत आहे. ती वाढवायची की बदलायची, हे ठरवताना मंत्रालयात जो पडदा उघडला जाईल, त्यावरचे आकडे आजपासूनच नोंदले जात आहेत.