एका धुरातील दोन बंध

सप्तव्यसनांचा त्याग हा श्रावकाचाराचा पाया मानला जातो. त्या सातांत तंबाखूचे नाव नाही, कारण अमेरिका खंडातील ही वनस्पती पोर्तुगिजांमार्फत भारतात फार उशिरा आली. गांजाचीही तेथे वेगळी गणना नाही. परंतु जे माणसाला पराधीन करते ते व्यसन, ही कसोटी लावली तर दोन्ही त्याज्य ठरतात. आज अनेक तरुणांच्या हाती ही दोन्ही एकदमच येतात. सिगारेटमधील तंबाखू काढून तीत गांजा किंवा चरस मिसळला जातो आणि सिगारेट पुन्हा भरली जाते. चिलमीतही बहुधा हेच मिश्रण असते. धूर एक, पण बंध दोन.

यांतील एका बंधाकडे सहसा लक्षच जात नाही. ‘मी सिगारेट ओढत नाही’ असे असा तरुण म्हणतो, आणि ते त्याला मनापासून खरे वाटत असते. साधी सिगारेट त्याने क्वचितच ओठांना लावलेली असते. पर्युषणात तो गांजा सोडण्याचा नियम घेतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मन सैरभैर होते, आईच्या साध्या प्रश्नावर तो भडकतो, रात्रभर कूस बदलत राहतो. गांजानेच हे केले, असे तोही समजतो आणि घरचेही समजतात. प्रत्यक्षात या पहिल्या तडाख्यातील मोठा वाटा तंबाखूतील निकोटिनचा असू शकतो. अशा वेळी मित्राने दिलेल्या साध्या सिगारेटने बरे वाटते. गांजा सुटल्याचे समाधान मानत तो नव्या बेडीत अडकतो. आणि बोटांत सिगारेट आली की गांजाची आठवणही फार दूर राहत नाही.

म्हणूनच दोहोंचा त्रास वेगवेगळा ओळखता आला पाहिजे. निकोटिन रक्तातून लवकर उतरते; साधारण २ तासांत त्याचे प्रमाण निम्मे होते. त्यामुळे तंबाखूचा त्रास पहिल्याच दिवशी सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातो आणि २ ते ४ आठवड्यांत ओसरतो. गांजातील मुख्य मादक द्रव्य टीएचसी हे शरीरातील मेदात साठते आणि सावकाश बाहेर पडते. त्याचा त्रास १ ते ३ दिवसांनी जाणवू लागतो, पहिल्या आठवड्यात तीव्र होतो आणि साधारण २ आठवड्यांत कमी होतो. झोपमोड आणि विलक्षण ठसठशीत स्वप्ने मात्र महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ रेंगाळू शकतात. गांजाची सवय लागत नाही, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या आपल्या निदानग्रंथात गांजा सोडल्यावरच्या या त्रासाची स्वतंत्र नोंद केली आहे.

चिडचिड, अस्वस्थता, उदासी आणि निद्रानाश ही लक्षणे दोन्हींत समान आहेत. फरक दिसतो तो ताटावर. तंबाखू सोडणाऱ्याची भूक वाढते, वजनही वाढते. गांजा सोडणाऱ्याची भूक मरते. घाम, कंप, पोटदुखी, डोकेदुखी यांपैकी काही सोबत येते. दोन्ही एकदम सोडणाऱ्यात ही चिन्हे एकमेकांत मिसळतात.

मग दोन्ही एकदम सोडल्यास त्रास दुप्पट होतो काय? रायन वँड्री आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दोन्हींचे रोज सेवन करणाऱ्या १२ व्यक्तींना कधी केवळ गांजा, कधी केवळ तंबाखू, तर कधी दोन्ही थांबवण्यास सांगितले होते. गांजाचा आणि तंबाखूचा त्रास साधारण सारख्याच तीव्रतेचा आढळला. दोन्ही थांबवल्यावर तो अधिक होता, पण हा जादा भार थोडेच दिवस टिकला, आणि व्यक्तीव्यक्तींत बराच फरक होता. अभ्यास लहान आहे. तरीही दुहेरी त्यागाच्या भीतीने एक बंध राखून ठेवण्याचे कारण उरत नाही, एवढे त्यातून दिसते.

जैन कुटुंबांनी काही गोष्टींचे विशेष भान ठेवावे. जेवण नकोसे होणे ही तपाची रुची समजून अशा दिवसांत दीर्घ उपवासाचा आग्रह धरू नये. शरीराला अन्न आणि पाणी यांची गरज असते. तंबाखूचा धूर थांबला की चहा-कॉफीतील कॅफिन शरीरात अधिक काळ टिकते आणि झोप आणखी बिघडते. म्हणून चहा निम्मा करावा. निकोटिनची भरपाई डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी, च्युइंगम किंवा त्वचेवरील पट्टीने होते. ज्यांचा चौविहार आहे त्यांनी पट्टीविषयी विचारावे. ही भरपाई गांजाचा त्रास मात्र शमवत नाही.

शास्त्रकारांनी व्रतभंगाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार आणि अनाचार. मनात तलफ उठणे हा अतिक्रम, टपरीकडे पाऊल वळणे हा व्यतिक्रम, एक झुरका हा अतिचार, आणि आता सारे संपलेच, असे म्हणून पुन्हा बुडणे हा अनाचार. तलफेची लाट बहुधा काही मिनिटांत ओसरते. ४८ मिनिटांची एक सामायिक तिला पुरून उरते. आणि झुरका घडलाच, तर आलोचना करून व्रत पुन्हा सावरता येते. घरच्यांनी अतिचाराला अनाचार ठरवू नये.

लोकलाजेने उपचार लांबवणे हे व्यसनाला खतपाणी घालणे होय. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि तंबाखूसाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मदतवाहिन्या विनामूल्य आहेत. पुण्यातील मुक्तांगण केंद्र १९८६ पासून हे काम करीत आहे. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातील कलम ६४ अ स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, अल्प प्रमाणाच्या प्रकरणात, खटल्यापासून संरक्षण देते. त्यासाठी उपचार पूर्ण करावे लागतात.

तिसऱ्या रात्री जागणाऱ्या मुलाला उपदेशाची गरज नसते. हा त्रास कशाचा आहे आणि तो किती दिवसांचा आहे, हे सांगणारे कोणी उशाशी असले, तर ती रात्र सरते.