धूर कधी येतो, हे आधी विचारा

जुनी गाडी निळा धूर मारत गॅरेजच्या दारात येते, तेव्हा आपल्या धंद्यात एक वाक्य फार लवकर बोलले जाते : "इंजिन काम निघाले." बॉनेट उघडण्याआधीच निकाल लागतो. पंधरा-वीस वर्षे गाडी सांभाळलेल्या मालकापुढे मग दोनच वाटा उरतात. गाडीच्या बाजारभावाएवढा खर्च करायचा, नाहीतर ती भंगारात द्यायची. हा मालक सहज गाडी सोडणारा नसतो. १५ वर्षे झाल्यावर त्याने नोंदणीचे नूतनीकरण केलेले असते, महाराष्ट्रात असेल तर पर्यावरण करही भरलेला असतो. त्याला आपल्याकडून हवे असते ते नेमके उत्तर. निळ्या धुरावरून कळते ते एवढेच, की इंजिनातले ऑइल जळते आहे. ते कोणत्या वाटेने सिलिंडरपर्यंत पोहोचते, हे शोधल्याशिवाय इंजिनाला पाना लावू नये, आणि या शोधाचा मोबदला घ्यायलाही संकोचू नये, असे आमचे ठाम मत आहे.

वाटा अनेक आहेत आणि त्यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कार्बुरेटरवाल्या मारुती ८००चे ७९६ सीसी इंजिन घ्या. तीन सिलिंडर, प्रत्येकाला दोन व्हॉल्व्ह, म्हणजे सहा व्हॉल्व्ह सील. उष्णतेने रबर कडक होते, त्याची कड व्हॉल्व्हच्या दांडीला धरत नाही आणि हेडवरचे ऑइल गाइडमधून खाली उतरते. हे सील हेड न उतरवताही बदलता येतात. पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवेचा दाब दिला की व्हॉल्व्ह खाली पडत नाही. स्प्रिंग दाबून कॉटर काढायचे, जुना सील उपटायचा, नवा बसवायचा. त्याच गाडीत रिंगा गेल्या असतील तर हेड आणि ऑइल चेंबर दोन्ही उतरवावे लागतात, बोअर मोजावा लागतो, कदाचित लेथवर पाठवावा लागतो. आणि दोष नुसत्या तुंबलेल्या ब्रीदरचा असेल, तर खर्च एका नळीचा आणि अर्ध्या तासाच्या मेहनतीचा. तिन्ही गाड्यांच्या सायलेन्सरमधून येणारा धूर दिसायला मात्र सारखाच असतो.

म्हणून सुरुवात धुराच्या ओळखीपासून करावी. पांढरा, दाट, गोडसर वासाचा आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा धूर कूलंटचा असतो. थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून निघून हवेत विरणारी वाफ हा दोषच नाही. काळा धूर जादा इंधनाचा. डिझेल गाडीत थंड इंजिनावर निळसर-पांढरा धूर येऊन डोळ्यांना झोंबत असेल, तर ते न जळलेले डिझेल असू शकते. तिथे इंजेक्टर, ग्लो प्लग आणि कॉम्प्रेशनकडे पाहावे लागते. जळक्या ऑइलचा वास वेगळा असतो आणि एकदा ओळखला की विसरत नाही. धूर सायलेन्सरमधूनच येतो ना, हेही पाहावे. हेड कव्हरच्या पॅकिंगमधून गळणारे ऑइल गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडले की तसाच निळा धूर बॉनेटखालून निघतो. मागचा ऑइल सील, प्रेशर स्विच, डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग, फिल्टर, ड्रेन प्लगचा वॉशर या जागा पुसून, गाडी चालवून पुन्हा पाहिल्याशिवाय गाडी 'ऑइल खाते' असे म्हणू नये.

मग डिपस्टिक. ऑइल वरच्या खुणेच्या पुष्कळ वर असेल तर क्रँक त्यात आपटून फेस होतो, आणि ते ब्रीदरच्या वाटेने इनलेटमध्ये ओढले जाते. जादा ऑइल काढले की धूर थांबतो. पातळी आपोआप वाढत असेल आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास असेल, तर कार्बुरेटरच्या गाडीत यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा तपासावा. पेट्रोल मिसळून पातळ झालेले ऑइल रिंगांना आवरत नाही आणि बेअरिंगही खाते.

यानंतरचा प्रश्न मालकाला विचारायचा आहे : धूर नेमका कधी येतो? रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताच भपकारा येतो आणि मिनिटभरात धूर नाहीसा होतो, असे उत्तर आले तर संशय प्रथम व्हॉल्व्ह सीलवर जावा. रात्रभर गाइडमधून झिरपलेले ऑइल व्हॉल्व्हच्या पाठीवर साचते आणि पहिल्या काही क्षणांत जळून जाते. सिग्नलला बराच वेळ आयडलिंगवर उभे राहून निघताना भपकारा येत असेल, तरी तोच संशय धरावा, कारण आयडलिंगला थ्रॉटल मिटलेला असल्याने मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जास्त असतो. गाडी तापलेली असताना, भार घेऊन ओढताना धूर दाट होत असेल, तर रिंगा आणि बोअरकडे वळावे.

याची परीक्षा घ्यायला आपल्याकडे घाटांची वाण नाही. वाईहून पाचगणीला पसरणी घाट चढताना सतत धूर असेल तर भाराखाली ऑइल वर येते आहे. तोच घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरला आणि खाली आल्यावर रेस देताच निळा लोट निघाला, तर उतारावरच्या जबर व्हॅक्यूमने ऑइल आत ओढले आहे. इथे एक सावधगिरी हवी. उतारावरचा हा लोट बहुधा गाइड आणि सीलचा असतो, पण जाम झालेल्या ऑइल रिंगांतूनही तो येऊ शकतो. त्यामुळे फक्त उतारावरून निकाल देऊ नये. सकाळचा भपकारा आणि उतारावरचा लोट दोन्ही असतील आणि चढाला सायलेन्सर स्वच्छ असेल, तेव्हाच सीलचे पारडे जड धरावे.

पुढची पायरी सर्वात स्वस्त असूनही सर्वाधिक वेळा गाळली जाते. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण काढून तिथून फुसफुस दिसली की 'बॅक कॉम्प्रेशन मारते' म्हणून रिंगांना दोष दिला जातो. पण ब्रीदरची नळी चिखल झालेल्या ऑइलने तुंबली असेल किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह अडकला असेल, तर निरोगी रिंगांच्या इंजिनातही क्रँककेसमध्ये दाब साचतो आणि तो ऑइलला मिळेल त्या वाटेने बाहेर ढकलतो. उलट पीसीव्ही व्हॉल्व्ह उघडाच राहिला, तर इनलेट थेट ऑइलची वाफ ओढत बसते. एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल दिसले तर आधी इथेच पाहावे. नळ्या साफ कराव्यात, व्हॉल्व्ह बदलावा, काही दिवस गाडी चालवू द्यावी आणि त्यानंतर झाकण पुन्हा उघडावे.

मग येते कॉम्प्रेशन. ही चाचणी आपण सगळेच करतो, पण नीट केली तरच तिच्या आकड्यांना अर्थ असतो. इंजिन तापलेले, बॅटरी पूर्ण भरलेली, सगळे प्लग काढलेले, इग्निशन आणि इंजेक्टर तोडलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे द्यावेत आणि आकडा लगेच लिहून ठेवावा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा, म्हणजे साधारण ५ मिलि ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चांगला चढला तर गळती रिंगांतून आहे. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट तपासावे. सिलिंडरांमधला फरक एकूण आकड्याइतकाच बोलका असतो. सुझुकीच्या दुरुस्ती पुस्तिका दोन सिलिंडरांमध्ये सेंटिमीटर वर्गाला १ किलोपर्यंतचा फरक चालवून घेतात.

या चाचणीची मर्यादा मात्र प्रत्येक कारागिराने ध्यानात ठेवली पाहिजे. ती वरच्या कॉम्प्रेशन रिंगांबद्दल सांगते. ऑइल वर चढते ते बहुतेक वेळा खालच्या ऑइल रिंगमुळे. ऑइल बदलायला उशीर, अर्ध्या तापलेल्या इंजिनावर शहरातल्या लहान फेऱ्या, यांनी त्या रिंगच्या खाचा कार्बनने भरतात आणि ती जाम होते. अशा इंजिनात कॉम्प्रेशन उत्तम येते आणि ऑइल तरीही संपत राहते. बोअरमध्ये भरपूर ऑइल असेल, तर त्यानेच आकडा फुगतो. व्हॉल्व्ह सीलचा दोष तर या चाचणीत दिसतच नाही. म्हणून "कॉम्प्रेशन चांगले आहे, म्हणजे सील" किंवा "कॉम्प्रेशन कमी आहे, म्हणजे धूर रिंगांचाच" हे दोन्ही निष्कर्ष घाईचे ठरतात.

जोडीला लीक-डाउन चाचणी असेल तर उत्तम. पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये हवा भरावी आणि कान लावावा. ऑइलच्या झाकणातून आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आला तर इनलेट व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट. प्लगही वाचावेत. तीनपैकी एकच प्लग ऑइलने ओला असेल, तर दोष त्याच सिलिंडरपाशी आहे. व्हॅक्यूम गेज लावत असाल तर गावाची उंची विसरू नका. समुद्रसपाटीला चांगले इंजिन आयडलिंगवर १७ ते २१ इंच दाखवते आणि दर हजार फुटांमागे साधारण एक इंच कमी होतो. मुंबईत जो आकडा येतो तो पुण्यात सुमारे दोन इंचांनी आणि पाचगणीत सुमारे चार इंचांनी कमी येणारच. इंजिनाची त्यात काही चूक नाही.

टर्बो डिझेलसाठी वेगळी सूचना. १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन आपल्याकडे अनेक कंपन्यांच्या गाड्यांत आले, आणि त्या गाड्या आता जुन्या होऊन आपल्या दारात येत आहेत. इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा पातळ थर दिसला की टर्बो गेला, असे समजू नये. ब्रीदरमधून तेवढे येतेच. टर्बोची ऑइल परतीची नळी तुंबली आहे का, एअर फिल्टर चोंदला आहे का, क्रँककेसमध्ये दाब आहे का, हे आधी पाहावे, नाहीतर नवा टर्बोही तसेच ऑइल टाकू लागेल. पण पाइपात ऑइलचे तळे असेल आणि शाफ्ट ढिला लागत असेल, तर गाडी मालकाला चालवत नेऊ देऊ नका. डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळू लागले की किल्ली फिरवूनही थांबत नाही. हवेची वाट बंद करणे किंवा वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून ते बंद पाडणे, हेच उपाय उरतात. चालत्या इंजिनाच्या इनलेटवर उघडा हात कधीही ठेवू नये. ही माहिती गॅरेजमधल्या सर्वात नव्या पोऱ्यालाही असली पाहिजे.

इतके झाल्यावर उपाय ठरवण्याआधी खप मोजावा. सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी, वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरावे, किलोमीटर लिहावेत आणि ५०० किलोमीटरनंतर किती टाकावे लागले ते मापाने पाहावे. काही उत्पादक १००० किलोमीटरला सुमारे १ लिटरपर्यंतचा खप चालणारा मानतात. जुन्या गाडीला याच्या पाव पट ऑइल लागत असेल आणि मालक महिन्याला थोडीच चालवत असेल, तर दर आठवड्याला डिपस्टिक पाहा, ऑइल वेळेवर बदला, आणखी काही करू नका, हा सल्ला संपूर्ण प्रामाणिक आहे. कार्बनने जाम झालेल्या रिंगांसाठी प्लगच्या भोकातून द्रावण सोडून रात्रभर भिजवण्याचा उपाय कधी लागू पडतो. सुरू करण्यापूर्वी प्लग काढून इंजिन फिरवावे आणि ऑइल बदलावे, एवढे पथ्य मात्र पाळलेच पाहिजे.

खप खरोखर जास्त असेल तर दुर्लक्ष करणेही चूक आहे. ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो, प्लग बुजतात, आणि पातळी खाली गेली की बेअरिंग जाते. पीयूसी मिळाली म्हणून मालक निश्चिंत होतो, पण पेट्रोल गाडीची ती तपासणी आयडलिंगवर वायू मोजते. सकाळचा भपकारा तेव्हा कधीच विरून गेलेला असतो.

धूर दाबण्यासाठी दाट ऑइल किंवा बाटलीतले घट्ट रसायन ओतून गाडी विकायला काढण्याची पद्धतही आपल्या धंद्यात आहे. हे काम करून देणारा कारागीर पुढच्या मालकाच्या फसवणुकीत सामील होतो. त्याला स्पष्ट नकार द्यावा. ज्या इंजिनाला उत्पादकाने पातळ ऑइल सांगितले आहे, त्यात २०डब्ल्यू-५० भरल्याने थंड इंजिन सुरू होताना वरच्या भागात ऑइल उशिरा पोहोचते, हेही मालकाला सांगावे.

आणि रिंगांचेच काम निघाले, तर ते पूर्ण करावे. बोअर वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजून लिहावा. आकडे मर्यादेबाहेर असताना घासलेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा टाकणे म्हणजे मालकाचे पैसे वाया घालवणे. रिंगचे तोंड फीलर गेजने तपासावे, होनिंग करावे, आणि हेड उतरलेच आहे तर व्हॉल्व्ह सील व गाइडही त्याच वेळी पाहावेत.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे बिलात कुठेच दिसत नाहीत, म्हणून तो दिला जात नाही. सुट्या भागांवर आणि इंजिन कामावरच कमाई होत असेल, तर कारागिराचे मन इंजिन उघडण्याकडेच ओढले जाणार. हा दोष दर आकारण्याच्या पद्धतीत आहे आणि तो आपणच दुरुस्त करू शकतो. तपासणीचा दर फलकावर लावा. बिलात तिची स्वतंत्र ओळ असू द्या. मालकाला एक कागद द्या : किलोमीटर, ऑइलची ग्रेड, धूर कधी येतो, ब्रीदरची स्थिती, प्लग, कोरे आणि ओले कॉम्प्रेशन, ५०० किलोमीटरचा खप, आणि त्याखाली आपले मत. तो कागद घेऊन मालक दुसऱ्या गॅरेजला गेला तरी चालेल. तिथल्या कारागिरालाही आकड्यांनीच उत्तर द्यावे लागेल, आणि त्याने सगळ्या धंद्याची पत वाढेल.

या महिन्यात निळा धूर घेऊन येणाऱ्या पहिल्या गाडीपासून ही पद्धत सुरू करावी, अशी आमची वाचकांना कळकळीची विनंती आहे. कागदावरच्या सगळ्या नोंदी भरून होईपर्यंत खर्चाचा आकडा सांगू नका. मालक घाई करत असेल, तर त्यालाच डिपस्टिक दाखवा आणि मोजणी समजावून द्या.