पहिल्या वेलांटीचं ओझं

‘विनंती अर्ज’ नावाची फाइल डीडब्ल्यूएम या लिनक्सवरच्या विंडो मॅनेजरमध्ये उघडून पाहावी. वरच्या पट्टीत नाव येतं ते साधारण असं: ‘वनिंती अर्‌ज’. पहिली वेलांटी ‘व’ सोडून ‘न’वर जाऊन बसलेली. रफार जागेवर नाही, त्याच्याऐवजी पाय मोडका ‘र’. बाकी पडदा अगदी नेटका.

जबलपुरातल्या मराठी घरातला मुलगा घरी मराठी लिहितो, बाहेर हिंदी. लिपी एकच, म्हणजे नुकसान दोन्हीकडे. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ ज्या लॅपटॉपना दारात उभं करत नाही, त्यांच्यासाठी लिनक्स आणि हलका विंडो मॅनेजर हा सल्ला मुलं एकमेकांना देतात. सल्ला चांगला आहे. खिडक्या आपोआप शेजारी-शेजारी लागतात, माउसला हात लावावा लागत नाही, मेमरी जेमतेम खर्च होते.

डीडब्ल्यूएमचा बाणा २००६पासूनचा. प्रोग्राम २००० ओळींच्या आत राहिला पाहिजे. सेटिंग बदलायची तर सी भाषेतली फाइल उघडायची आणि पुन्हा कंपाइल करायचं. त्यामुळे वापरणारे मोजके आणि निवडक राहतात, असं त्याचे कर्ते स्वतःच अभिमानाने सांगतात. निवड कशी होते, ते ‘विनंती अर्ज’ दाखवतो.

युनिकोडमध्ये ‘वि’ साठवताना आधी ‘व’ येतो, मग वेलांटी. पडद्यावर ती अलीकडे आणायची, ‘र्ज’चा रफार वर चढवायचा, जोडाक्षरं जुळवायची, हे काम कोणाला तरी करावंच लागतं. हार्फबझ आणि पँगो या लायब्ररी ते करतात. डीडब्ल्यूएम अक्षरं काढतो एक्सएफटी या लायब्ररीच्या मदतीने. एक्सएफटी हे करत नाही. आणखी एक लायब्ररी जोडली तर ओझं वाढेल, हा बचाव ठरलेला. पण त्या २००० ओळींत एक्सलिब मोजलेलं नाही, फाँटकॉन्फिग नाही, खालचा अख्खा एक्स सर्व्हरही नाही. ज्याच्यावाचून इंग्रजी दिसणार नाही, ते सगळं आधीच आत घेतलेलं आहे. वजनकाटा बाहेर निघतो तो वेलांटीची पाळी आली की.

याच मंडळींकडे इमोजीचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. खिडकीच्या नावात रंगीत इमोजी आला की एक्सएफटीतल्या दोषामुळे प्रोग्राम कोसळायचा. म्हणून रंगीत फाँट टाळणारी खास तपासणी कोडमध्ये घालण्यात आली. २०२२मध्ये एक्सएफटीची २.३.५ आवृत्ती आली, दोष गेला, मग ती तपासणी काढली. कोसळणं हा दोष, तो तातडीने हाताळावा, हे मान्य. पण नाव वाचताच न येणं दोषांच्या यादीत बसत नाही, हे कोणी ठरवलं? ज्याला ते नाव कधी वाचावंच लागलं नाही, त्याने.

बरं, हलकेपणाची ही अटळ किंमत म्हणावी, तर तेही खरं नाही. २००९चा आयथ्री हाही खिडक्या लावून देणारा, कीबोर्डवर चालणारा, जुन्या लॅपटॉपला झेपणारा. त्याच्या मूळ कॉन्फिग फाइलीत फाँटच्या ओळीतच पँगोचं नाव आहे. त्याच्या पट्टीत ‘विनंती अर्ज’ शाळेत शिकवला तसाच दिसतो. उबुंटू या लिनक्सच्या ज्या ग्नोम डेस्कटॉपला हे लोक ढब्बू म्हणून नाक मुरडतात, तिथेही दिसतो. आणि देशभरातल्या जिल्हा न्यायालयांना सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने दिलं ते उबुंटूच. निकाल आणि अर्ज देवनागरीत लिहिणाऱ्या कचेरीत नावाची मोडतोड परवडत नाही, इतकं तरी तिथे कळतं.

यावर तयार उत्तर येतं: ज्याला हवं त्याने पॅच लावावा. डीडब्ल्यूएमसाठी पँगोचा पॅच आहेही. तो शोधायचा, आपल्या आवृत्तीला बसतो का पाहायचं, बसला नाही तर सी वाचून बसवायचा, नवी आवृत्ती आली की पुन्हा तेच. इंग्रजी नावाची फाइल काहीही न लावता वाचता येते.